पाटा वाढला, उसळी राहिली

पिकअप मागून दबू लागली की कोल्हापुरातल्या मालकाला पहिला उपाय सुचतो तो स्प्रिंगचा पाटा वाढवण्याचा. या सवयीची मुळे गावाच्या कारागिरीत आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली. गुळाचे रवे भरलेल्या बैलगाड्या तिथे येत. त्या गाड्यांना स्प्रिंग नव्हती, आणि बैलाच्या चालीला तिची गरजही भासत नव्हती. मोटारी आल्या त्या कमानपाट्यांवर. दाबलेला पाटा सुटताना गाडीला वर फेकतो. पाटे एकमेकांवर घासून ही उसळी थोडी जिरवतात, पण वेगात तेवढे पुरत नाही.

ही उसळी जिरवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील त्र्युफो आणि अमेरिकेतील एडवर्ड हार्टफर्ड यांनी घर्षणावर चालणारे शॉकॲब्सॉर्बर पुढे आणले. नंतर घर्षणाच्या जागी तेल आले. नळीतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. भारतात गॅब्रिएल कंपनी 1961 मध्ये मुंबईत सुरू झाली.

हवी ती वस्तू इथेच घडवण्याची कोल्हापूरची रीत जुनी. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला. पुढे म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांची परंपरा उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत रुजली. ऑईल इंजिनांचे भाग, ओतकाम, लेथ यांवर गाव वाढले. तुटलेला पाटा बदलता येतो, बुश लेथवर कातून मिळतो. शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट वेगळी. बंद नळी, आत मोजून बसवलेल्या झडपा. बिघडला की काढून नवाच घालायचा. म्हणूनच बहुधा तो दुर्लक्षित राहिला.

2005 मध्ये टाटा एस आली आणि छोट्या मालवाहू गाड्यांचे युग सुरू झाले. आज कोल्हापूरचा भाजीपाला गोव्याला जातो, गगनबावड्याहून करूळ घाटाने माल कोकणात उतरतो. तिथे जादा पाटा गाडी दबू देत नाही, पण रिकाम्या परतीत तीच गाडी जास्त उडते आणि ओल्या वळणावर मागचे चाक रस्ता सोडते.

शॉकॲब्सॉर्बर वजन पेलत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तेल गळू लागले, टायर खळग्याखळग्यांनी झिजला किंवा खड्ड्यानंतर गाडी डोलतच राहिली, तर एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. लांब घाटांत तापून तेलाला फेस येतो आणि पकड ढिली पडते. तिथे गॅस भरलेले अधिक टिकून काम करतात. पाटे वाढवून गाडी उंच केली असेल, तर दांडा पूर्ण उघडल्यावरची आणि मिटल्यावरची लांबी मोजूनच नवे घ्यावेत, नाहीतर ते आतून आपटून लवकर फुटतात. घाटात रोज जाणाऱ्या मालकाने पाट्याआधी पैसे इथे घालावेत.