बमरोली : उधना स्टेशनच्या पलीकडचं आपलं गाव



आपल्या नातवंडांना कुणी विचारलं, "तुम्ही कुठले?" तर ती सांगतात, "सुरतचे." आम्हा म्हाताऱ्यांना विचारलं तर आम्ही अजून अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, दोंडाईचा अशी नावं घेतो. मधे ज्या गावानं आपल्याला पोसलं त्या बमरोलीचं नाव दोघांच्याही तोंडून राहून जातं. पर्यटकांनी येऊन बघावं असं इथं काही नाही, म्हणून कुणी या गावाचा इतिहास-भूगोल लिहीत नसेल. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं, इतिहासकार नाही. पण जे वाचलं आणि जे काउंटरच्या आतून पाहिलं ते एकदा लिहून ठेवतो.

आधी भूगोल. सुरत शहर तापीकाठी वसलेलं. ही तापी आपलीच. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम, मग भुसावळवरून खान्देशातून वाहत सुमारे ७२४ किलोमीटर जाऊन डुमस-हजीराजवळ समुद्राला मिळते. शहराच्या दक्षिणेला दुसरी नदी, मिंढोळा. या दोन नद्यांच्या मधल्या सपाट काळ्या जमिनीवर आपली बमरोली आहे. मुंबईच्या रेल्वेलाईनच्या पश्चिमेला आधी पांडेसरा लागतं, त्यापुढे बमरोली. वरच्या अंगाला अलथाण, खालच्या अंगाला वडोद आणि भेस्तान. उधना स्टेशनपासून फार तर कोस-दीड कोस.

जमीन सपाट असल्यामुळे पावसाळ्यात पाणी चटकन निघत नाही. सुरतेत दोन प्रकारचे पूर येतात, हे बाहेरच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. एक तापीचा पूर. तो उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याचा. ऑगस्ट २००६ मध्ये आला तेव्हा शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. दुसरा खाडीपूर. बारडोली-पलसाणा बाजूला जोराचा पाऊस झाला की ते पाणी खाड्यांमधून आपल्या भागाकडे उतरतं, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली की पुढे सरकत नाही. तापी शांत असते आणि दक्षिणेकडच्या सोसायट्यांत गुडघाभर पाणी असतं. म्हणून आपल्याकडे जुन्या माणसांनी घराचं जोतं नेहमी रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच घेतलं.

आता इतिहास. बमरोली हे चौर्याशी तालुक्यातलं गाव. चौर्याशी म्हणजे ८४ गावांचा परगणा, सुरतेभोवती पसरलेला. सुरत मोगलांचं मोठं बंदर होतं, आणि या बंदराचा माल हिंदुस्थानात जाण्याचा एक मुख्य रस्ता आपल्या खान्देशातून जात असे. सुरत, व्यारा, नवापूर, नंदुरबार आणि पुढे बऱ्हाणपूर. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच बाजूनं बऱ्हाणपूरला गेला. सुरतेत आजही बऱ्हाणपुरी भागळ नावाचा भाग आहे. म्हणजे खान्देश आणि सुरत यांची ओळख आपल्या बापजाद्यांपासूनची नाही, चारशे वर्षांहून जुनी आहे.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले ते दक्षिणेकडून, गणदेवी आणि उधन्यावरून. मग त्यांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पडला. ज्या उधन्याला आपण भाजी आणायला जातो, त्याच उधन्यावरून ती फौज गेली. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. पुढच्या शतकात सोनगढला गायकवाडांचं ठाणं बसलं आणि सुरतेच्या चौथाईत पेशवे व गायकवाड यांचा वाटा आला. चौर्याशी परगणा गायकवाडांकडे होता. तो १८०० नंतरच्या एक-दोन वर्षांतच इंग्रजांकडे गेला. "मराठी माणूस सुरतेत उपरा" असं कुणी म्हटलं की मी हे शांतपणे सांगतो. पण खरं सांगू का, आपण काही त्या फौजेबरोबर आलो नाही. आपण आलो पॅसेंजर गाडीनं.

ही गाडी ज्या लाईनवर धावते ती तापी व्हॅली रेल्वे, १९०० साली सुरू झाली. जळगावहून निघालं की धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली, चलथाण आणि उधना. सुमारे ३०६ किलोमीटर. लाईन टाकली ती खान्देशचा कापूस बाहेर न्यायला. पुढे तिनं कापसाइतकीच माणसं नेली. ही लाईन मुंबईच्या मुख्य लाईनला मिळते ती उधन्याला, सुरत स्टेशनच्या अलीकडे. त्यामुळे आपला माणूस उतरायचा उधन्याला. डोक्यावर वळकटी, पिशवीत भाकरी-ठेचा. स्टेशनच्या दोन्ही अंगांना चालत जाता येईल तिथे त्यानं खोली बघितली. पूर्वेला लिंबायत आणि डिंडोली, पश्चिमेला पांडेसरा आणि बमरोली. नकाशा काढून बघा, सुरतेतली मराठी वस्ती बरीचशी या एका जंक्शनभोवती दिसेल.

१ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. तेव्हाच्या पश्चिम खान्देश जिल्ह्यातली, नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा भागांतली काही गावं गुजरातेत गेली. नवापूर स्टेशन तर असं की फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. राज्यं वेगळी झाली तरी गाडीचं तिकीट तेच राहिलं, आणि सोयरिकीही थांबल्या नाहीत.

माणसं आली का, याची कारणं दोन्ही टोकांना होती. तिकडे १९७२ चा दुष्काळ. कोरडवाहू जमीन आणि भावकीत झालेले तुकडे. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या कापड गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. इकडे सुरतेत त्याच काळात कृत्रिम धाग्याचं कापड वाढत होतं. उधन्याला उद्योगनगर, मग पांडेसऱ्यात जी.आय.डी.सी., तिथे डाइंग-प्रिंटिंगच्या मिला. १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप झाला, तिथल्या गिरण्या मोडल्या आणि यंत्रमागाचा धंदा भिवंडी-सुरतेकडे आणखी सरकला. लूमवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले भाऊ मोठ्या संख्येनं, आणि आपले लोक मिलमध्ये, जरीकामात, पार्सलमध्ये, मार्केटच्या हमालीत. बारा-बारा तासांची पाळी. १९६१ ला सुरतेची वस्ती सुमारे २ लाख ८८ हजार होती, २०११ ला सुमारे ४४ लाख ६७ हजार. शहराची हद्द वाढली हे धरूनसुद्धा हा आकडा डोळे विस्फारणारा आहे. त्यात बायका कमी, कारण पुष्कळजण एकटे येऊन राहिलेले. आपले लोक मात्र लवकर बायको-पोरांना घेऊन आले. त्यामुळे आपल्याला खोली पुरेना, घर हवं झालं. इथून बमरोलीची खरी गोष्ट सुरू होते.

तेव्हा बमरोली महापालिकेबाहेरची ग्रामपंचायत. जमीन शेतीची. गुजरातेत शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकत घेता येत नाही, आणि बिनखेती म्हणजे एन.ए. करून घ्यायला वेळ आणि पैसा लागतो. मग मधला रस्ता निघाला. शेतकऱ्याकडून जमीन ऑर्गनायझर घेणार, चुन्यानं रेघा मारून बारा बाय चाळीसचे प्लॉट पाडणार आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर विकणार. सोबत कब्जा रसीद. हातात आला तो कागद, सातबाऱ्यावर नाव मात्र मूळ शेतकऱ्याचंच.

हा कागद घेऊन माणसं आमच्या शाखेत यायची. घडी घालून घालून मऊ पडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. "साहेब, घरावर कर्ज मिळेल का?" नियमाप्रमाणे मालकी स्पष्ट नसलेल्या जागेवर कर्ज देता येत नसे. नियम चुकीचा नव्हता, ठेवीदारांचे पैसे होते. पण त्याचा परिणाम काय झाला तो हिशेबानं सांगतो. माणूस खासगी फायनान्सवाल्याकडे जायचा. महिन्याला शेकडा ३ टक्के. पन्नास हजार घेतले तर नुसतं व्याज महिन्याला १,५०० रुपये. दहा वर्षांत १ लाख ८० हजार व्याज भरलं आणि मुद्दल पन्नास हजार जागच्या जागी. वर्षाला ३६ टक्के झाले हे. बँकेचं घरकर्ज याच्या निम्म्याहूनही कमी दरानं असायचं.

या चक्रातून ज्यांनी घरं वाचवली, त्यातल्या बहुतेकांनी बायकोच्या दागिन्यांवर वाचवली. सोन्यावर कर्ज द्यायला बँकेला अडचण नव्हती. पोत, डोरलं, कानातले तराजूत पडायचे आणि महिन्याभरात बमरोलीत एक स्लॅब पडायचा. काही पोती सहा-सहा वेळा गहाण पडून सुटलेल्या मी पाहिल्या आहेत. काही सुटल्याच नाहीत. आज त्या घरांचं लाईट बिल आणि वेरा बिल बघा, नाव पुरुषाचं आहे. बमरोलीच्या भिंतींत जे सोनं गेलं ते कुठल्या बिलावर लिहिलेलं नाही.

अमेरिकेत आपल्यातल्या अनेकांची मुलं उपनगरांत राहतात, म्हणून एक तुलना करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन नावाचं उपनगर उभं राहिलं. १९४७ ते १९५१ च्या दरम्यान १७ हजारांवर घरं, एकसारखी. रस्ते, कागदपत्रं सगळं आधी तयार, आणि सैनिकांना सरकारी हमीवर स्वस्त कर्ज. फक्त गोऱ्यांनाच घर द्यायचं असा तिथे नियम होता, हेही विसरू नये. आपल्याकडे उलटं झालं. घर आधी, मग वस्ती, मग गटार, मग रस्ता, आणि कागद सगळ्यात शेवटी. पण जात-भाषा विचारून प्लॉट नाकारला असं माझ्या पाहण्यात नाही. एका गल्लीत खान्देशी, ओडिया, यूपी-बिहारचे, राजस्थानी सगळे. नळावर भांडले आणि पुरात एकमेकांच्या माळ्यावर झोपले.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी आली तेव्हा सुरतेतून लाखो लोक निघून गेले. तापी लाईनच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. खान्देशात पोचल्यावर कित्येकांना गावाबाहेर थांबवलं, की तुम्ही सुरतहून आलात. तरीही लोक परत आले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि शहर बघता बघता स्वच्छ झालं. २००६ मध्ये महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढली, तेव्हा बमरोली शहरात आली. टी.पी. स्कीम आल्या. म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून प्रत्येकाचा काही भाग रस्ता, शाळा, बगिच्यासाठी काढायचा आणि उरलेल्याचे नीट आखलेले तुकडे परत द्यायचे. मोकळ्या शेतात हे सोपं असतं. जिथे आधीच घरं भरलेली, तिथे प्रत्येक फुटासाठी जीव टांगणीला.

बमरोलीची एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगावी अशी आहे. २०१४ पासून इथल्या प्रकल्पात शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून, आर.ओ.मधून काढून, दिवसाला ४ कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या उद्योगांना देता येतं. तेव्हा देशात अशी उदाहरणं फार थोडी होती. मिलला रंगकामासाठी पाणी लागतं, तेवढं तापीचं पाणी प्यायला वाचतं.

आता आपलं घर पक्कं झालं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून २००९ पासून खासदार आहेत, आता केंद्रात मंत्री आहेत. श्रावणात गल्लीगल्लीत कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, गंगाळात आणि परातीत रोट निघतात. आखाजीला खापरावरचे मांडे होतात. पण नातवंडं आपसात गुजराती-हिंदी बोलतात, आणि "कथा चालनात?" असं आजीनं विचारलं तर हसतात. महापालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, हे त्यांच्यातल्या पुष्कळांना माहीतही नसतं. त्यांना दोष देत नाही. त्यांनी ऐकलंच नाही तर येणार कुठून?

म्हणून दोन कामं सांगतो, बँकवाल्याच्या सवयीनं. पहिलं, ज्यांनी प्लॉट घेतले ते आता एकेक करून जात आहेत. घराचे जुने स्टॅम्पपेपर, कब्जा रसीद, पहिली वेरा पावती एका फाइलीत लावा. वारसाई वेळेत करून घ्या, आणि तिच्यात मुलांबरोबर घरातल्या बाईचं नाव घाला. दुसरं, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून एका वहीत एवढंच लिहा : कुठल्या स्टेशनवर गाडीत बसलात, उधन्याला कुठल्या साली उतरलात, पहिली खोली कुठे, भाडं किती, आणि घरासाठी कुणाचं सोनं गेलं.

लिहिलंत तर खाली कॉमेंटमध्येही टाका. मी सगळ्या वाचतो.