वस्तऱ्याची धार : एका नोंद न झालेल्या विद्येचा इतिहास

आमच्या लहानपणी जुम्म्याच्या सकाळी कसब्यातील मशिदीसमोरच्या हजामतीच्या दुकानात गर्दी असे. दुकान म्हणजे काय, एक लाकडी खुर्ची, भिंतीवर डाग पडलेला आरसा, खिळ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा आणि कोपऱ्यात धोकटी. दुकान चालवणाऱ्या हजामांना सारा मोहल्ला 'खलिफा' म्हणे. आम्ही मुले त्यांना खलिफाचाचा म्हणत असू. घरात आम्ही उस्तरा म्हणायचो, शाळेत वस्तरा, शब्द एकच. चाचा तो पट्ट्यावर दहा-वीस वेळा फिरवत, डाव्या अंगठ्याचे नख ओले करून त्यावर पाते अलगद टेकवत आणि क्षणभर डोळे मिटत. तेवढा वेळ गिऱ्हाईकही बोलायचे थांबे. कधी चाचा मान हलवून कामाला लागत, कधी काही न बोलता पुन्हा पट्ट्याकडे वळत.

धाकट्या भावाच्या अकीक्याचा दिवस आम्हाला स्पष्ट आठवतो. सातव्या दिवशी बाळाचे जावळ काढायचे होते. चाचांनी एक उस्तरा नखावर पाहिला आणि बाजूला ठेवला. दुसरा पाहिला, पुन्हा पट्ट्यावर परजला, मग स्वतःच्या मनगटावरची लव कापून पाहिली. दादीमाँ अधीर होऊन म्हणाल्या, "खलिफा, इत्ता क्या देख रे?" चाचा म्हणाले, "बच्चे का सर है अम्मा. अंगूठे कू पूछ लेरा हूँ." जावळ निघाले, त्याच्या वजनाची चांदी खैरात झाली, पाहुणे दस्तरखानावर बसले. चाचांचे ताट मात्र बाहेर ओट्यावर गेले. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते, आणि म्हणूनच हा लेख.

चाचा अंगठ्याला काय विचारत होते? वस्तऱ्याची धार पारखण्याच्या ज्या रीती जगभर चालत आल्या, त्या थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत. पहिली उजेडाची. पाते उलटे धरून धार दिव्यासमोर आणायची. धार नीट लागली असेल तर तिथे काहीच दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिला रुंदीच नसते. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे धार मेलेली असते. म्हणजे डोळ्यांना धार कधी दिसत नाही, दिसतो तो बोथटपणा.

दुसरी नखाची. ओल्या नखावरून पाते जोर न लावता टाचेपासून टोकाकडे ओढायचे. बोथट पाते काचेवरून सरकावे तसे सरकते. चांगले पाते नखात किंचित रुतून एकसारखे, मऊपणे पुढे जाते. दगडावर गरजेपेक्षा जास्त घासलेले पाते करकरते, अडकते. कुठे दात पडला असेल तर तेवढ्याच जागी ठेच लागते. या कसोटीने धार किंचित मरते, म्हणून त्यानंतर पट्टा पुन्हा हवाच. तिसरी अंगठ्याच्या पेराची. पेर धारेला आडवे, हलके लावायचे. धारेच्या लांबीने बोट फिरवले तर रक्त आलेच म्हणून समजावे. चौथी केसाची. एक केस चिमटीत धरून त्याचे मोकळे टोक धारेवर सोडायचे आणि तो नुसत्या स्पर्शाने तुटतो का ते पाहायचे. हिच्यातही फसगत आहे. एकाचा केस जाड, दुसऱ्याचा रेशमासारखा. म्हणून जाणता कारागीर रोज एकाच डोक्याचा केस वापरतो. आणि शेवटची कसोटी गालाची. तिथे निकाल गिऱ्हाईकच देते.

या सगळ्यांत मोजमापाचे साधन एकच, माणसाची कातडी. ती वर्षानुवर्षे शिकवावी लागते.

ज्ञानाच्या इतिहासात मात्र वस्तऱ्याची धार पारखल्याची नोंद सापडते ती लंडनमध्ये. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1665 साली 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्याने पहिला मान सुईच्या टोकाला दिला आणि दुसरा वस्तऱ्याच्या धारेला. चांगली धार लावलेला वस्तरा त्याने भिंगाखाली धरला, तर नुसत्या डोळ्यांना सरळ रेघ वाटणारी ती धार खडबडीत आणि गोलसर निघाली. धार लावण्याच्या दगडाचे ओरखडे नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे दिसत होते. हूकचे हे निरीक्षण विज्ञानाच्या इतिहासात अमर झाले. पण पाते कुठे खडबडीत आहे हे नखावर ओळखणारे हात त्याच्या आधीही होतेच. त्यांच्याकडे भिंग नव्हते आणि छापखाना तर नव्हताच.

पुढे 1769 मध्ये पॅरिसचा सुऱ्या-कात्र्या करणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, यावर पुस्तक लिहिले. कारागिराने स्वतःच लेखणी हाती घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

इतिहासाचा पुढचा धागा आमच्या मुंबईतून जातो. चांगली धार लागण्यासाठी आणि टिकण्यासाठी पोलाद चांगले हवे. 'पोलाद' हा शब्द आपण फारसीतून घेतला, पण उत्तम पोलाद दख्खनच्या मुशींतून निघत होते. तेलंगणातल्या कोनासमुद्रम् गावी ते विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. इंग्रज त्याला 'वूट्झ' म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 मध्ये या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पियर्सन यांनी 1795 मध्ये त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या शस्त्रकारागिराने ते पोलाद घडवून पाहिले आणि बारीक धारेच्या हत्यारांसाठी ते त्याला फार पसंत पडले. हाच स्टोडार्ट पुढे मायकेल फॅरडेबरोबर काम करू लागला. विजेच्या शोधांसाठी जग ज्याला ओळखते त्या फॅरडेने 1820 च्या सुमारास स्टोडार्टसह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, आणि त्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. स्कॉट, पियर्सन, बँक्स, स्टोडार्ट, फॅरडे ही सारी नावे आपल्याला ठाऊक आहेत. ते पोलाद ज्याने मुशीत ओतले, त्याचे नाव कुठेच नाही.

अमेरिकेत 1893 साली ए. बी. मोलर यांनी शिकागोत न्हाव्यांसाठी शाळा काढली. तशा शाळांतून पाठ्यपुस्तके आली आणि त्यांत ओल्या नखाची कसोटी क्रमवार लिहिली गेली : बोथट धार नखावर कशी सरकते, उत्तम धार कशी रुतते, जास्त घासलेली कशी करकरते. आम्ही ते वर्णन वाचले तेव्हा चाचांचा मिटलेला डोळा समोर आला. विद्या तीच, अक्षरशः तीच. फरक एवढाच की तिथे ती अभ्यासक्रमात गेली आणि शिकेल त्याची झाली, इथे ती जातीत अडकली आणि जातीबरोबर ओट्यावर बसली.

त्याच सुमारास या विद्येची गरजच संपवणारा माणूस आला. किंग जिलेट याने 1901 साली फेकून देण्याच्या पातळ पात्याच्या वस्तऱ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1904 मध्ये पेटंट मिळाले. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षी त्याचे अवघे 51 वस्तरे आणि 168 पाती खपली. पुढचे सांगायला नको. पाते बोथट झाले की फेकायचे, मग धार पारखायची कशाला? आपल्याकडच्या दुकानांत सलग पोलादाचा उस्तरा त्यानंतरही बराच काळ टिकला. भारतात एड्सचे पहिले रुग्ण 1986 मध्ये आढळले, आणि एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्यातला धोका लोकांना समजू लागला. मग अर्धे ब्लेड बसवायचे वस्तरे रुळले. हजच्या काळात हल्क करतानाही प्रत्येकासाठी नवे पाते असावे, असा आग्रह आता धरला जातो, तो योग्यच आहे. जुन्या रीतीचे गुणगान करून कोणाच्या जिवाशी खेळावे असे आम्ही म्हणणार नाही. पण एखादी गोष्ट वापरातून जाणे वेगळे, आणि ती होती याची नोंदही न राहणे वेगळे.

आणि गंमत पाहा. 2020 मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका जुन्या कोड्याचे उत्तर दिले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, मग दाढी करून पाते बोथट का होते? त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. वाकलेला केस पात्याच्या धारेवर एका बाजूने ताण देतो आणि जिथे पोलाद एकजीव नसते तिथे बारीकसा टवका उडतो. खलिफाचाचा दाढी भरपूर भिजवत, पाते आडवे धरत आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पट्ट्याकडे वळत. टवका का उडतो हे त्यांना सांगता आले नसते. पण उडाला आहे की नाही, हे त्यांचे नख सांगत असे.

आता आमच्या समाजाविषयी. 'हज्जाम' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ केस कापणारा असा नाही, तो 'हिजामा' करणारा, म्हणजे कातडीला चरे देऊन तुंबडीने रक्त काढणारा. त्या कामालाही पात्याची पारख लागतेच. अबू तैबा यांनी पैगंबरांची हिजामा केली तेव्हा पैगंबरांनी त्यांना धान्य-खजुराच्या रूपात मोबदला देवविला आणि त्यांच्यावरचा कराचा बोजा हलका करायला त्यांच्या मालकांना सांगितले, अशी हदीस आहे. उत्तर हिंदुस्थानातील हजाम बिरादरी हजरत सलमान फारसी यांच्याशी नाते जोडून स्वतःला सलमानी म्हणवते. इकडे महाराष्ट्रात संत सेना न्हावी यांनी आपल्या धंद्यातली हत्यारेच भक्तीच्या कामी लावली. म्हणजे या कामाचा मान राखणाऱ्या परंपरा आमच्याजवळ भरपूर आहेत. मशिदीत आम्ही चाचांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, हेही खरे. पण सफ मोडली की खांदे वेगळे होत. दस्तरखान वेगळे आणि सोयरिकीचा तर विषयच नको. मुस्लिम ओबीसी चळवळीने हा प्रश्न उघड मांडला तेव्हा आमच्यातल्याच अनेक शरीफांना तो रुचला नाही. इस्लाममध्ये जात नाही, असे ते म्हणाले. इस्लाममध्ये नाही, पण आमच्या ओट्यावर ती ताट घेऊन बसली होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

चाचा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची मुले या धंद्यात राहिली नाहीत. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही, मुलांनी हवे ते शिकावे. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाने आम्हाला धोकटी दाखवली. आत गंजाचे ठिपके पडलेला उस्तरा होता, झिजून मध्ये खोलगट झालेली सिल्ली होती आणि तेल प्यालेला पट्टा. आम्ही उस्तरा उजेडासमोर धरला, तर धारेवर पांढरी रेघ चमकत होती. मग तो नखावर टेकवून पाहिला. काय वाटायला हवे ते पुस्तकात वाचलेले होते, तरी अंगठ्याला काही कळले नाही.

वाचकांना एवढीच विनंती. आपापल्या गावात हजाम, पिंजारी, मोमीन, आतार, कासार बिरादरींतली म्हातारी माणसे अजून असतील. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या हातांना काय काय कळते ते विचारून लिहून ठेवा. आणि त्यांना जेवायला बोलावलेत, तर ताट आत वाढा.