तारीख-ए-वफात : शोएबुल्ला खान यांच्या निमित्ताने

थोर माणसाचे निधन झाले की त्याच्या मृत्यूचे साल एखाद्या शब्दात किंवा मिसऱ्यात गुंफायचे, ही फारसी-उर्दूतील जुनी रीत. तिला तारीखगोई म्हणतात. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते : अलिफ १, बे २, काफ (नुक्त्याचा) १००, गैन १०००. अक्षरांची बेरीज हिजरी सनाशी जुळली की तारीख निघाली. बेरीज कमी पडल्यास सूचक शब्दाची भर घालता येते, तिला तामिया म्हणतात. जास्त झाल्यास वजा करतात, तो तखरिजा. दक्षिणेतील अनेक कबरींच्या शिलालेखांत अशा तारखा कोरलेल्या आढळतात. पुण्यतिथीला दिवस महत्त्वाचा, तारीखगोईला साल.

हे सारे आठवण्याचे कारण शोएबुल्ला खान. जन्म १९२०. नरसिंगराव यांच्या 'रय्यत' पत्रात त्यांनी उमेदवारी केली. 'रय्यत'वर निजाम सरकारने बंदी घातल्यावर १९४७ च्या अखेरीस त्यांनी 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढले. त्यांना बुर्गुला रामकृष्णराव यांचा आधार होता. हैदराबादेने भारतात सामील व्हावे, रझाकार संघटना विसर्जित करावी, असे ते उघडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये सात प्रतिष्ठित मुसलमानांनी याच आशयाचे निवेदन काढले, तेही 'इमरोज'ने छापले. रझाकारांचे पुढारी कासिम रझवी मूळ लातूरचे वकील. विरोधात उठणारे हात कलम केले जातील, अशी धमकी त्यांनी जाहीर भाषणात दिली. २१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून घरी परतताना शोएबुल्ला यांच्यावर काचीगुड्याच्या बाजूला हल्ला झाला. गोळी झाडली, तलवारीने हात तोडला. सोबतचे मेहुणेही जखमी झाले. २२ च्या पहाटे शोएबुल्ला गेले. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांचे स्मरण होते. १९४६ साली मारले गेलेले बिलोली भागातील गोविंदराव पानसरे यांचे नाव तेथे आवर्जून घेतले जाते. शोएबुल्ला यांचे नाव आले, तर बहुधा 'मुसलमान असूनही' या शब्दांसह येते. हे 'असूनही' मला खटकते. त्यांची भाषा उर्दू, वाचक उर्दूचे, आणि ज्यांना समजावायचे होते तेही उर्दू वाचणारे. आपल्या लोकांशी आपल्या भाषेत ते बोलत होते. आणि आपल्याकडील उर्दू वर्तुळांत तरी त्यांचे स्मरण कितीसे होते?

एकदा वर्गात अबजद शिकवताना सहज म्हणून त्यांच्या नावाची बेरीज केली. शोएब ३८२, अल्लाह ६६, खान ६५१, एकूण १०९९. त्यांच्या मृत्यूचे हिजरी साल १३६७. पत्राचे नाव 'इमरोज', म्हणजे 'आज'. त्याची किंमत २५४. दोन्ही मिळून १३५३ झाले. चौदा कमी पडत होते. तामियासाठी चौदाचा शब्द शोधू लागलो. अरबीत हाताला 'यद' म्हणतात : ये १०, दाल ४. तोडलेला हात परत दिला की साल पुरे होते. जुन्या उस्तादांनी असा तामिया रदीफ-काफियाच्या कतआत बसवला असता. माझ्यापाशी फक्त बेरीज आहे.

शोएबुल्ला यांच्यानंतर महिन्याच्या आत, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि संस्थान शरण आले. मग सूड सुरू झाला. त्याची पाहणी करण्यास पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींची समिती आली. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नांदेड, गुलबर्गा व बीदर या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे समितीने नोंदवले आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. रझवींच्या धमक्यांशी काडीचा संबंध नसलेले शेतकरी, विणकर, छोटे दुकानदार त्यांत होते. शोएबुल्ला यांचे म्हणणे वेळीच ऐकले गेले असते तर त्यांतले कितीतरी वाचले असते, असे मला वाटते. त्यांचे साल तेच. ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्ही १३६७ मध्येच येतात. पण तारीख काढायला नाव लागते, आणि अहवालात आहे तो आकडा.