निवाऱ्याचा पैसा : सिल्वासा, मुंबई आणि सोलापूर

दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमधील त्या दिवसांशी सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर आदींची नावे निगडित आहेत. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीच्या साहाय्याने कारभार चालला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर समाविष्ट झाला. मुक्तीनंतरच्या काळात या भूमीवर जे नगर उभे राहिले, त्याचा इतिहास मात्र तितका परिचित नाही. नगर म्हणजे रस्ते, कचेऱ्या आणि कारखाने एवढेच नव्हे. दिवसभर राबलेला माणूस रात्री कोठे पाठ टेकतो आणि त्या जागेसाठी पैसा कोणी मोजला, हा प्रश्नही नगराच्या इतिहासाचाच भाग होय.

प्रथम जनगणनेचे आकडे पाहावेत. १९६१ साली ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात ५७,९६३ माणसे राहत होती. १९७१ च्या जनगणनेपर्यंत येथील एकाही स्थळाची नोंद 'शहर' म्हणून झालेली नव्हती. १९९१ साली लोकसंख्या १,३८,४७७ झाली, २००१ साली २,२०,४९० आणि २०११ साली ३,४३,७०९. २००१ ते २०११ या दशकातील सुमारे ५६ टक्के वाढ ही देशातील सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सर्वाधिक होती. त्या वर्षी प्रदेशातील जवळजवळ निम्मी माणसे नागरी भागात राहत होती.

या वाढीपूर्वीचे येथील घर कसे होते? वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांची घरे रानातल्या लाकडाची, कारवीच्या कुडाची आणि शेणमातीने लिंपलेली असत. घर बांधण्यास पैसा फारसा लागत नसे. लागे ती जागा आणि नात्यागोत्यातल्या माणसांचे हात. जागेचा प्रश्न मात्र कठीण होता. पोर्तुगीज अमदानीत 'अलवारा' नावाच्या सनदांनी मोठाली क्षेत्रे थोड्या जमीनदारांच्या हाती गेली होती. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने ही पद्धत मोडण्याचा पाया घातला आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९८५-८६ पासून इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण शाखा यांद्वारे गावातील गरीब कुटुंबांना घरासाठी अनुदान देण्याची व्यवस्था झाली. केंद्रशासित प्रदेश असल्यामुळे या दुसऱ्या योजनेचा सारा भार केंद्राने उचलला. ज्याच्या पायाखाली स्वतःची जागा होती, त्याच्यापर्यंत सरकारी पैसा पोहोचण्याची एक वाट अशा रीतीने तयार झाली.

दुसरी कथा कारखान्यांची. १९६५ साली दान उद्योग सहकारी संघाच्या रूपाने पिपरिया येथे पहिली औद्योगिक वसाहत आली. मसाट आणि खडोली येथील सरकारी वसाहती त्यानंतरच्या. १९८४ पासून नव्या उद्योगांना विक्रीकरात पंधरा वर्षांची सूट मिळू लागली आणि १९९३ पासून आयकराची सवलतही लागू झाली. मुंबईपासून फार दूर नसलेल्या या प्रदेशात कृत्रिम धाग्याचे, प्लॅस्टिकचे, रसायनांचे आणि इतर मालाचे कारखाने झपाट्याने आले. करमाफी हादेखील सार्वजनिक पैसाच होय. तिजोरीतून काढून दिलेला रुपया आणि तिजोरीत येऊ न दिलेला रुपया यांत हिशेबाच्या दृष्टीने फारसा भेद नाही. ही सवलत माल आणि नफा यांच्यासाठी होती. मजुराच्या निवाऱ्याचा विचार तिच्या रचनेत नव्हता.

कामाच्या शोधात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, महाराष्ट्र अशा अनेक राज्यांतून जी माणसे आली, ती बहुधा एकटी आली. १९६१ साली या प्रदेशात दर हजार पुरुषांमागे ९६३ स्त्रिया होत्या आणि १९९१ साली ९५२. हे प्रमाण २००१ साली ८१२ वर आणि २०११ साली ७७४ वर उतरले. या आकड्यांमागे बायको-मुले गावी ठेवून एका खोलीत चौघे-सहा जण पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांचे जिणे आहे. त्यांच्यासाठी घरे उभी केली ती प्रामुख्याने खाजगी मालकांनी. जागा असलेल्याने पत्र्याच्या अथवा स्लॅबच्या खोल्यांची ओळ बांधली आणि महिन्याच्या भाड्याने दिली. सिल्वासाची चाळ ही अशी गरजेतून जन्मली.

मुंबईचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. गिरण्यांच्या मुंबईतही कोकण-घाटावरचा कामगार असाच एकटा येई. १९२१ साली त्या शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. पण तेथे एक गोष्ट वेगळी घडली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला गेला. त्यासाठी कर्ज उभारण्यात आले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. ज्या मालावर शहर श्रीमंत झाले, त्याच मालाने कामगाराच्या छपराचा भार काही अंशी उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते.

तत्त्व योग्य असले तरी अंमल सदोष ठरला. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, भाडी कामगारांना जड वाटली आणि त्या दशकात हजारो खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांतील खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास भरतात. मूळ संकल्पाचा हा जेमतेम एकतृतीयांश. तरीही या १६० चौरस फुटांच्या खोल्यांनी पुढे तीन-चार पिढ्यांना आसरा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सार्वजनिक पैशाने बांधलेली वास्तू चुकांसह उभी राहिली, तरी ती सार्वजनिक हक्काची जागा शतकभर राखून ठेवते, हा या चाळींचा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ अस्तित्वात आले. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना आखली. तीत राज्याने बांधावयाच्या घरांच्या खर्चापैकी निम्मा भाग अनुदान आणि निम्मा कर्ज असे. ही घरे मुख्यतः भाड्याने देण्यासाठी होती. गृहनिर्माण मंडळाच्या अनेक वसाहती त्या काळातल्या. पुढे १९७७ साली मंडळाचे काम 'म्हाडा'कडे गेले; भाड्याच्या खोल्या हळूहळू मालकीच्या झाल्या आणि 'सरकारने भाड्याने द्यावयाचे घर' ही कल्पनाच मागे पडली. सिल्वासात कारखान्यांची लाट आली ती नेमकी या कल्पनेला उतरती कळा लागल्यावर.

कामगाराच्या घराची दुसरी वाट सोलापूरने दाखविली, आणि तिचे एक सूत सिल्वासाच्या परिसराशी जुळलेले आहे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी येथे वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची ऐतिहासिक सभा भरली. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर. सिल्वासाच्या शेजारच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात त्यांचे आयुष्य गेले आणि तो अनुभव त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात मांडला. त्यांचेच नाव सोलापूरजवळ कुंभारी येथील विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी वसाहतीला देण्यात आले. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने दीर्घकाळ चाललेल्या चळवळीतून ती उभी राहिली. एका घराचा खर्च साठ हजार रुपये. त्यात केंद्राचे वीस हजार, राज्याचे वीस हजार आणि कामगार स्त्रीचे वीस हजार. अशी दहा हजार घरे २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. त्याच परंपरेत रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत प्रधानमंत्री आवास योजनेतून हाती घेण्यात आली. तिची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. दोन भिन्न विचारांच्या सरकारांनी एकाच चळवळीच्या घरांना पैसा दिला, ही लक्षात ठेवण्याजोगी घटना होय. सोलापूरच्या कामगार स्त्रीजवळ जमीन नव्हती. परंतु संघटना होती. जागेची उणीव तिने सहकाराने भरून काढली.

सिल्वासाच्या कामगाराजवळ या दोन्ही गोष्टींची वाण आहे. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी शाखेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख रुपये मिळत. कर्जावरील व्याजातही सवलत होती. परंतु पहिल्या सोयीला जागेचा कागद लागे आणि दुसरीला बँकेचे कर्ज. गावी जमिनीचा तुकडा असलेला आणि येथे भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस दोन्हींच्या कडेला राहतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत असे लक्षावधी कामगार देशभर पायी निघाले, तेव्हा ही उणीव साऱ्यांच्या नजरेस आली. त्याच वर्षी जुलैमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर झाली. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहासारख्या भाड्याच्या निवाऱ्याची घोषणा झाली आणि आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वातही भाड्याच्या घरांना स्थान मिळाले. १९५२ साली जी गोष्ट उघड वाटत होती, तिच्याकडे सरकार बहात्तर वर्षांनी परतले असे म्हणावे लागेल.

सिल्वासापुरता निष्कर्ष काढावयाचा झाल्यास तो असा. येथे सार्वजनिक पैशाची उणीव कधीच नव्हती. तो पैसा शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत अनुदान म्हणून गेला आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत करमाफी म्हणून. या दोहोंच्या मधल्या खोलीत राहणारा माणूस तेवढा हिशेबातून निसटला. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. त्याला विधानसभा नाही. त्यामुळे येथील घरासाठी पैशाची मागणी थेट केंद्राकडेच करावी लागते; आणि मागणी करावयाची तर मागणारा प्रथम मोजला गेला पाहिजे. त्याची नोंद ठेवणे, कारखान्याजवळ रास्त भाड्याची जागा राखणे आणि मालावर मिळालेल्या लाभाचा थोडा वाटा निवाऱ्याकडे वळविणे, या तीन गोष्टी मुंबई आणि सोलापूर यांच्या अनुभवातून आपोआप सुचतात.

कोणत्याही ग्रंथालयाच्या सभासदत्वाच्या अर्जात नावाखाली पत्त्याचा रकाना असतो. तो भरता येणे ही वाचकाला अगदी साधी गोष्ट वाटते. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या माणसाला मात्र त्या रकान्यापाशी लेखणी थांबवावी लागते. शहराने त्याच्या श्रमाची नोंद उत्पादनाच्या आकड्यांत केव्हाच केली आहे. पत्त्याची नोंद अद्याप व्हावयाची आहे.