मस्टरवरचा स्वार

इतिहास हा आमचा धंदा नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते जिनिंगच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा विद्वानांनी चूकभूल द्यावी-घ्यावी. पण कामगार चळवळीत एक विद्या माणसाच्या अंगी मुरते, ती म्हणजे मस्टर वाचण्याची. त्या विद्येच्या आधारावर एका गोऱ्या स्वाराचा माग कसा काढावा लागतो, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हा स्वार आपल्या खानदेशाच्या शेजारचाच. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर टोकदार हत्याराने नाव खरडलेले आहे: जॉन स्मिथ. खाली तारीख, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या कप्तानाला वाघूरच्या घळीत लेण्याची कमान दिसली. वाट एका गुराख्याच्या पोराने दाखवली, असे सांगतात. आज ते नाव आपल्या डोक्याच्या वर दिसते. याचे कारण स्मिथ उंच होता असे नव्हे. तेव्हा लेण्यात पुरुषभर माती साचली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता.

मद्रासचा कप्तान इकडे कशाला आला? डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा मोड झाला आणि सर थॉमस हिस्लॉप मद्रासची फौज घेऊन दक्षिणेकडे खानदेशात उतरला. तापीकाठचे थाळनेर आपल्याला परके नाही. तेथे फेब्रुवारी १८१८ मध्ये किल्ला पडला, आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या किल्लेदाराच्या फाशीवरून पुढे विलायतेतही हिस्लॉपला जाब विचारला गेला. ही धामधूम सरून वर्ष झाले होते, तेव्हा स्मिथ अजिंठ्यास आला.

आता या स्मिथची चाकरी कागदावर शोधावयाची. नाव तर असे, की इंग्रजांत शेकड्याने सापडावे. म्हणून नावाने शोध सुरू करून भागत नाही. पहिला प्रश्न: हा माणूस राजाच्या पलटणीतला की कंपनीच्या? राजाच्या फौजेचे कागद लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत, कंपनीचे ब्रिटिश लायब्ररीत. दुसरा प्रश्न: मुंबई, मद्रास की बंगाल? तिघींच्या फौजा निराळ्या, वह्याही निराळ्या. तिसरा: अंमलदार की साधा शिपाई? अंमलदार असेल तर भरतीच्या वेळी दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला मिळतो, त्यावरून वय आणि आईबाप कळतात. साधा शिपाई असेल तर गाव, पूर्वीचा धंदा, वय, उंची, केसांचा रंग असे वर्णन मिळते. हे सारे ठरले, म्हणजे मग पलटणीचे मस्टर उघडावे.

आणि इथेच गंमत आहे. पुस्तकांतून स्मिथची पलटण ‘२८ वे मद्रास घोडदळ’ अशी छापली जाते. पण १८१९ मध्ये मद्रासच्या देशी घोडदळाच्या पलटणी होत्या आठ! मद्रासकडच्या घोडदळाला २८ हा आकडा मिळाला तो १९०३ मध्ये, सगळ्या हिंदी फौजेला नवे क्रमांक दिले तेव्हा. आणि तोवर मद्रासच्या तीनच पलटणी उरल्या होत्या. राजाच्या फौजेतही २८ वे घोडदळ १८०२ मध्येच मोडले होते. म्हणजे पुस्तक एक सांगते आणि मस्टर दुसरे. शोध घेणाऱ्याने अशा वेळी छापील आकड्यावर भिस्त ठेवू नये, वहीवर ठेवावी.

एवढ्या काटेकोर वह्या इंग्रजाने ठेवल्या, त्या इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कप्तानाने साठ माणसे उभी करायची आणि ऐंशींचा पगार उचलायचा, हा रोग जुना आहे. मस्टर जन्माला आले ते डोकी मोजण्यासाठी. आपल्याकडेही तेच. स्वाराची चेहरेपट्टी लिहायची, घोड्याला डाग द्यायचा आणि हजेरी घ्यायची, हा मराठेशाहीचा रिवाज होता. रोजगार हमीच्या कामावर आपले लोक आजही ‘मस्टर निघाले का?’ म्हणून विचारतात. तो शब्द छावणीतूनच आला आहे, आणि खोटी नावेही त्याच्या पाठोपाठ आली आहेत.

दुसरी गोष्ट पेन्शनची. राजाच्या फौजेतल्या शिपायांचे सुटकेचे जुने कागद बहुतेक पेन्शन मिळालेल्यांचेच उरले आहेत. मध्येच तापाने गेला, पळून गेला, त्याची तशी फाईल नाही. म्हणजे ज्याचा हक्क मान्य झाला, त्याचा इतिहास टिकला.

हे वाचताना आम्हांला आमचा एक जिनिंगमधला कामगार आठवला. अठरा हंगाम त्याने रुईच्या धुळीत काढले. ग्रॅच्युइटी मागितली, तेव्हा मालक म्हणाला, ‘हा इसम आमच्या मस्टरवर नाही.’ खरेच नव्हता. वर्षभर आम्ही हेलपाटे घातले. अखेर एक उचलीची वही हाती लागली. पगाराच्या वहीत त्याचे नाव नव्हते, पण त्याला दिलेली उचल वसूल करायची होती ना! तिथे दर हंगामाला नाव होते, अंगठा होता. त्या अंगठ्यावर त्याला पैसे मिळाले.

नोंदीची ही ताकद ज्यांनी ओळखली, त्यांनी इतिहास घडवला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीचे पायदळ लढले, सोबत पुण्याचे घोडदळ होते. तेथल्या स्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. पुढे महारांची फौजेतली भरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केले. त्यांत दाखला दिला तो पूर्वजांच्या लष्करी चाकरीचा. साहेबाने आपल्या हिशेबासाठी राखलेली नोंद अशी साहेबासमोरच पुरावा म्हणून उभी राहिली.

अजिंठ्याच्या त्याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर आणखी एक नाव आहे: वासिष्ठीपुत्र कटहादि. हे दर्शनी काम त्याने दान दिले, एवढेच लिहून तो दोन हजार वर्षे तिथे आहे. एकाचे नाव देण्यामुळे राहिले, दुसऱ्याचे खरडण्यामुळे. वाट दाखवणाऱ्या पोराचे मात्र ना भिंतीवर आहे, ना मस्टरवर.

श्रोतेहो, आपल्या घरीही अशी पोरे आहेत. मिरचीच्या पथारीवर राबणारी बाई आहे, ऊसतोडीला गेलेले जोडपे आहे. गोऱ्या स्वाराचा शोध जरूर घ्यावा. पण आज घरी गेल्यावर आपल्या माणसांची हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, उचलीची वही पत्र्याच्या पेटीत नीट ठेवावी, आणि मुकादमाला विचारावे, ‘आमचे नाव मस्टरवर आहे ना?’