मोटारीतील बिनतारी संच (सरे, कॅनडा)

मोटारीतील बिनतारी संच : चालत्या वाहनातून दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा, वाहनाच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ. ब्रिटिश कोलंबियातील सरे शहर फ्रेझर नदीच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेला लागून आहे. शहरात मोबाइलवर भागते. होप गाव मागे पडून डोंगर लागले की रेंज जागोजागी तुटते, आणि संचाचा उपयोग खरा तिथे. डोनाल्ड हिंग्ज यांनी 1937 मध्ये याच प्रांतातल्या खाणकंपनीच्या वैमानिकांसाठी उचलून नेण्याजोगा द्विमार्गी रेडिओ बनवला होता. ते पुढे नदीपलीकडच्या बर्नबीत राहत.

संच कोणता घ्यावा हे गाडी कुठे न्यायची यावर ठरते. ट्रकवाल्यांचा सीबी 27 मेगाहर्ट्झवर चालतो : 40 चॅनेल, एएमवर 4 वॉट, परवाना लागत नाही, महामार्गावरची बोलणी बहुधा 19 वर.

जंगलातल्या लाकूडवाहू रस्त्यांची शिस्त निराळी. एकच गाडी मावेल असा कच्चा रस्ता, समोरून ओंडक्यांनी लादलेला ट्रक. रस्त्याच्या तोंडाशी चॅनेलची पाटी असते. चालकाने रस्त्याचे नाव, किलोमीटर, दिशा आणि गाडीचा प्रकार पुकारायचा. ‘अप’ आणि ‘डाउन’ चढउतारावरून ठरत नाहीत. किलोमीटरचे आकडे वाढत असतील तर अप. ही चॅनेल व्हीएचएफवर असून त्यांना केंद्रीय खात्याचा परवाना लागतो. स्वस्तातला हातसंच घेऊन त्यात ती भरून घेण्याची टूम बेकायदा आहे. आणि पुकारले म्हणजे वाट मोकळी झाली असे नव्हे. समोरच्याकडे संच असेलच असे नाही.

तिसरा मार्ग हॅमचा, म्हणजे हौशी प्रसारकांचा. प्राथमिक परीक्षेत 100 प्रश्न, उत्तीर्ण होण्यास 70 टक्के; या प्रांतातली नवी संकेतनावे व्हीई7 किंवा व्हीए7 ने सुरू होतात. ‘सरे अ‍ॅमॅच्युअर रेडिओ कम्युनिकेशन्स’ ही इथली संस्था.

बसवताना लोक संचावर पैसे खर्चून तारांवर वाचवतात. खरे तर उलटे करावे. 50 वॉटचा संच बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, तेव्हा सिगारेट लायटरच्या सॉकेटवर विसंबू नये. जाड तार थेट बॅटरीपासून आणावी, फ्यूज बॅटरीलगत असावा, आणि तार इंजिनामागच्या पत्र्यातून आत येते तिथे रबरी बूच हवे, नाहीतर कडेने घासून शॉर्ट होते. नव्या गाड्यांत ऋण टोकावर बॅटरीचा सेन्सर असल्यास ऋण तार तिथे न लावता गाडीच्या सांगाड्याला जोडावी. एअरबॅग उघडते त्या जागी संच नको. अँटेनाला छताचा मध्य उत्तम : व्हीएचएफची पाव लहरीची काडी जेमतेम अर्धा मीटर, सीबीची मात्र पावणेतीन मीटर, म्हणून ती गुंडाळी घालून आखूड करतात. चुंबकी बैठक अॅल्युमिनियमच्या छतावर चिकटत नाही. शेवटी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना संचाशी किती जुळली याचे माप, मोजावा. दीडच्या आत उत्तम, दोनच्या वर गेल्यास बोलू नये.

1 जानेवारी 2010 पासून प्रांतात गाडी चालवताना हातात उपकरण धरण्यास बंदी आहे. कॅनडाचा हॅम परवाना सीमेपलीकडे ब्लेनमध्येही चालतो, फक्त संकेतनावाला डब्ल्यू7 जोडावे लागते आणि प्रत्येक संभाषणात एकदा तरी गाव व राज्य सांगावे लागते.