राणीची बाग : तिचीं साधनें व तिचें रक्षण

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, बखरी, शकावल्या, ताम्रपट व शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. बागेंतील झाडांची यादी, पिंजऱ्यावरील पाटी, किंवा प्राणिसंग्रहालयांतील जन्ममृत्यूंची नोंदवही यांची गणना साधनांत सहसा कोणी करीत नाहीं. परंतु मुंबईस भायखळ्यास जी बाग आहे व जिला लोक राणीची बाग या नांवानें ओळखतात, तिचा दीडशें वर्षांहून अधिक काळाचा वृत्तांत पाहिला असतां या उपेक्षित कागदांची योग्यता निराळीच दिसूं लागते. ही बाग संकटांतून निभावली त्यांत एका यादीचा वांटा मोठा होता. आणि तेथील प्राण्यांचें रक्षण खऱ्या अर्थानें व्हावयाचें तर तेंहि नोंदवहीवरच अवलंबून आहे. हें संशोधकांच्या नजरेस आणावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) पूर्वपीठिका

पशुपक्षी बाळगणें हा पूर्वीं राजेलोकांचा विषय असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याच्या मानसोल्लासांत गज, अश्व, मृगया व प्राण्यांच्या झुंजी यांचा विस्तार आहे, पण तो राजाच्या विनोदाचें अंग म्हणून. हंसदेव नामक जैन पंडिताचें मृगपक्षिशास्त्र मात्र पशुपक्ष्यांच्या जाति, स्वभाव व वयोमान सांगण्यासाठींच रचलेलें आहे. विसाव्या शतकांत त्याची पोथी उजेडांत आली नसती तर आपल्याकडे असा ग्रंथ झाला होता हें कोणी खरें मानलें नसतें. मराठींतहि त्याचें भाषांतर झालेलें आहे.

पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचा (१७७४–१७९५) शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं होता. त्यांतील गेंड्याचें चित्र गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकारानें इ. स. १७९० च्या नोव्हेंबरांत काढलें, व तें सध्यां अमेरिकेंत येल येथील संग्रहांत आहे. तो गेंडा गेला, शिकारखाना गेला, पेशवाईहि गेली. पण कागदाच्या एका तावावर तो प्राणी अद्यापि उभा आहे. पुढें १९५३ मध्यें पुणें महानगरपालिकेनें त्याच परिसरांत पेशवे पार्क काढला आणि १९९९ पासून तेथील संग्रह कात्रजच्या विस्तीर्ण जागेंत नेण्यांत आला. शिकारखाना व प्राणिसंग्रहालय यांमधील मुख्य भेद असा, कीं पहिल्यांत प्रजेस जो प्रवेश मिळे तो धन्याच्या मर्जीनें, आणि दुसऱ्यांत नागरिक जातो तो आपल्या हक्कानें. हा भेद मनांत ठेवून राणीच्या बागेकडे वळूं.

(२) स्थापना

पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेची एक बाग पूर्वीं शिवडीस होती. ती जागा पुढें युरोपियनांच्या दफनभूमीकडे गेली. माझगांवांतील माउंट इस्टेट नांवाच्या मिळकतीवर सुमारें ३३ एकरांत नव्या बागेची आंखणी इ. स. १८६१ मध्यें सुरू झाली, आणि ता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचें नांव दिल्यामुळें ती लोकांच्या तोंडीं राणीची बाग झाली. आतां तिचें अधिकृत नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. राणी बदलली तरी लोकांस नांव बदलण्याचें कारण पडलें नाहीं, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

१८७३ मध्यें संस्था मोडली व बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. १८९० मध्यें आणखी सुमारें १५ एकर जागा जोडून तेथें प्राण्यांची सोय करण्यांत आली. अर्थात् ही मूळची वनस्पतींची बाग असून प्राणी तींत मागाहून आले. हा क्रम विसरल्यामुळेंच अलीकडील वाद उत्पन्न झाला, असें पुढें दिसून येईल.

बागेलगतच्या वस्तुसंग्रहालयाची उभारणी याच काळांतली, तें ता. २ मे १८७२ रोजीं उघडलें. त्याच्या उभारणींत जॉर्ज बर्डवुड यांजबरोबर नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनीं श्रम घेतले. भाऊ दाजींचा परिचय संशोधकांस करून देण्याचें कारण नाहीं. शिलालेख वाचणारा, हस्तलिखितें जमविणारा हा वैद्य औषधी वनस्पतींचाहि शोधक होता. पोथी, शिलालेख व वनस्पति हीं तीनहि एकाच जिज्ञासेचीं अंगें होत, असें मानणाऱ्या पिढीनें ही जागा उभी केली. १९७५ पासून त्या संग्रहालयास त्यांचेंच नांव आहे, आणि २००३ पासून चाललेला त्याचा जीर्णोद्धार पुरा होऊन तें जानेवारी २००८ मध्यें पुन्हा उघडलें.

(३) निराश्रित वस्तूंचा आश्रय

या आवाराचा आणखी एक धर्म आहे, तो म्हणजे शहरानें टाकलेल्या वस्तूंस थारा देणें. घारापुरीच्या ज्या पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास एलिफंटा हें नांव दिलें, त्याचें डोकें व मान १८१४ मध्यें गळून पडलीं. १८६४ मध्यें तो विलायतेस नेण्याचा उद्योग झाला. यारीचा सांखळदंड तुटला व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणून टाकण्यांत आले, आणि पन्नास वर्षांनीं, १९१४ मध्यें, ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. १८७९ मध्यें उभारलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, ज्यावरून काळा घोडा हें ठिकाण प्रसिद्ध झालें, तोहि १९६५ मध्यें येथेंच आला. ज्या बागेंत जिवंत हत्ती पाहण्यास मुलें येत, तिच्याच आवारांत इतिहासाचा भग्न हत्ती सांधून ठेवलेला असावा, यावरून रक्षण या शब्दाची व्याप्ति किती आहे हें कळतें.

(४) लोकांचे प्रसंग

बाग केवळ भिंतींनीं टिकत नाहीं. लोक तींत वारंवार जमले पाहिजेत. येथें महानगरपालिकेच्या वतीनें फुलें, फळें, भाजीपाला व झाडें यांचें प्रदर्शन दरवर्षीं हिंवाळ्याच्या उतरणीस भरत आलें आहे. ऑक्टोबराच्या आरंभीं वन्यजीव सप्ताह पाळला जातो. बागेच्या चाहत्यांनीं झाडांची ओळख करून देणाऱ्या पदयात्रा चालविल्या. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी अशीं झाडें शेंकडों लोकांनीं नांवानिशीं पाहिलीं तीं त्यांमुळें.

अलीकडे प्राण्यांच्या जन्माचाहि उत्सव होऊं लागला आहे. २०२० मध्यें तेव्हांच्या औरंगाबादेहून (आतांचें छत्रपति संभाजीनगर) शक्ती व करिष्मा हें वाघांचें जोडपें आलें. २०२१ च्या नोव्हेंबरांत त्यांस मादी बछडें झालें व त्याचें नांव वीरा ठेवलें. वर्तमानपत्रांनीं तें बारसें सर्व महाराष्ट्रास सांगितलें. हें चांगलेंच झालें. ज्या जिवास नांव आहे त्याची विचारपूस होते. परंतु संशोधकास नुसत्या नांवानें समाधान नसतें. तो विचारतो, बाप कोण, आजा कोण, मूळ ठिकाण कोणतें? या प्रश्नांचें महत्त्व पुढें सांगतों.

(५) यादीचा प्रभाव

२००७ च्या सुमारास बागेचें स्वरूप पालटून परदेशी धर्तीचें मोठें प्राणिसंग्रहालय करण्याची योजना निघाली. तिचा खर्च कोट्यवधि रुपयांचा होता. जुन्या झाडांवर व मूळ आंखणीवर तिचा काय परिणाम होईल, ही चिंता कांहीं नागरिकांस, त्यांतहि विशेषतः वनस्पतींच्या अभ्यासकांस, लागली. त्यांनीं केलेला उपाय आपल्या परंपरेस शोभणारा होता. घोषणांवर न थांबतां त्यांनीं झाडांची मोजदाद केली, जाति ठरविल्या, जुने नकाशे व अहवाल पाहिले, आणि येथें तीन हजारांहून अधिक वृक्ष असून त्यांत दुर्मिळ जाति किती आहेत हें लेखी मांडलें. प्रश्न वारसा-समितीपुढें गेला, आणि मूळ योजना त्या रूपांत अमलांत आली नाहीं.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जुने पिंजरे प्राण्यांस अपुरे होते आणि त्यांत सुधारणा होणें अवश्य होतें, हें बागेच्या कैवाऱ्यांसहि अमान्य नव्हतें. वाद सुधारणेविषयीं नव्हता, प्रमाणाविषयीं होता. मूळची बाग मोडून तींत प्राण्यांचे महाल बांधणें म्हणजे जुन्या पोथीवरील अक्षरें खरवडून त्याच पानावर नवा ग्रंथ लिहिण्यासारखें होतें. पोथ्यांचे संग्राहक हा दोष लगेच ओळखतील.

(६) वंशावळ हेंच रक्षण

आतां प्राण्यांकडे वळूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ मध्यें दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांचें प्रकरण आलें, व १९९२ मध्यें केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें. तेव्हांपासून प्रत्येक मान्य संग्रहालयास जन्म, मृत्यु व देवघेव यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. वरवर पाहतां ही कारकुनी वाटते. वस्तुतः तींतच सगळें सार आहे.

युरोपांतील रानगवा, ज्यास विसेंट म्हणतात, १९२७ पर्यंत रानांतून साफ नाहींसा झाला. पाळलेल्या थोड्या जनावरांवरून त्याचा वंश पुन्हा वाढविण्यांत आला. आजचे सारे विसेंट अवघ्या बारा पूर्वजांपासून झालेले आहेत. हें साधलें तें वंशावळीमुळें. त्यांची पहिली वंशावळ १९३२ मध्यें छापली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वॉर्सा शहराच्या प्राणिसंग्रहालयाचे यान झाबिन्स्की यांनीं तिचें संपादन हातीं घेतलें. शहर बेचिराख झालें होतें, परंतु वंशावळीचा धागा तुटूं दिला नाहीं. १९५२ मध्यें विसेंट पुन्हा रानांत सोडण्यांत आले.

उलट उदाहरण सिंहाचें. गीरच्या सिंहाची जात राखण्यासाठीं अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांनीं मोठा उपक्रम चालविला होता. १९८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रक्तपरीक्षेवरून असें ठरलें, कीं त्या कळपाच्या पांच मूळ पूर्वजांपैकीं दोन शुद्ध आशियाई नव्हते. अनेक वर्षांचे श्रम फुकट गेले. आपल्याकडेहि पंजाबांतील छतबीर येथें आफ्रिकी व आशियाई सिंहांचा संकर होऊन शेवटीं प्रजनन थांबवावें लागलें. जुनागडचें सक्करबाग (स्थापना १८६३) सिंहांच्या प्रजननाचें प्रमुख केंद्र मानलें जातें, त्यास एक कारण हें, कीं त्याचें मूळ बीज गीरच्या रानाशेजारचेंच आहे. बनावट वंशावळीनें वतनाचा दावा जसा बुडतो, तसाच येथें एका जातीचा दावा बुडतो. आणि तो पुन्हा दाखल करतां येत नाहीं.

(७) पेंग्विनांचें प्रकरण

२०१६ च्या जुलैंत दक्षिण कोरियांतील सोल शहराहून हंबोल्ट जातीचे आठ पेंग्विन राणीच्या बागेंत आले. ऑक्टोबरांत त्यांपैकीं एक मेला; मार्च २०१७ मध्यें ते लोकांस दाखविण्यांत आले; ता. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं एक पिलूं जन्मलें, तें थोड्याच दिवसांत गेलें, व पुढें दुसरीं पिलें जगलीं. गर्दी अपार लोटली, खर्चावर टीकाहि झाली. हा पक्षी पेरू व चिली यांच्या किनाऱ्याचा. ज्या पक्षिविष्ठेच्या थरांत तो बिळें करतो ते खतासाठीं खणून नेल्यानें व त्याचे मासे माणसांनीं उपसल्यानें त्याची संख्या घटली आहे. मुंबईच्या मुलानें कांचेआडचा पेंग्विन पाहून ही हकीकत घरीं नेली तर प्रदर्शनास अर्थ आहे. केवळ छायाचित्र नेलें तर तो पेशव्यांच्या शिकारखान्यापेक्षां पुढें गेला असें म्हणवत नाहीं. शिवाय जो पैसा दूरच्या पक्ष्यावर खर्च होतो, त्याच्या अल्पांशानें आपल्याच बागेच्या जुन्या नोंदी जपतां येतील.

(८) संग्राहकांस विनंति

दप्तरखान्यांत जागेचा तुटवडा पडला म्हणजे पहिली गदा अशाच कागदांवर येते. त्यांस मोडी नसते, शिक्का नसतो, आणि विक्रीची किंमत तर नसतेच. तेव्हां ज्यांच्या संग्रहीं बागेचीं जुनीं टपाल-चित्रें, पुष्पप्रदर्शनाचीं पत्रकें, नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, रोपांच्या याद्या, माळ्यांच्या किंवा प्राणिपालांच्या घराण्यांतील टिपणवह्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. त्यांच्या नकला करून संशोधनसंस्थांकडे द्याव्यात. कोणतें झाड केव्हां लाविलें, कोणता प्राणी कोठून आला, त्याची संतति कोठें गेली, हें सांगणारा प्रत्येक कागद उद्यांच्या वादांत पुरावा होणार आहे. घराण्याची वंशावळ आपण भक्तीनें उतरून घेतों. ज्यांस स्वतःची वंशावळ लिहितां येत नाहीं त्यांची ती लिहून ठेवणें हें आपल्याच व्यवसायांतलें काम आहे, आणि तें दुसरा कोणी करील अशी वाट पाहण्यास अवकाश फार थोडा उरला आहे.